चव फर्मास, यकृत खलास

विषारी अळंबीचं चित्र काढ, असं कुठल्याही पोराला सांगा. ते लाल टोपी काढेल आणि तिच्यावर पांढरे ठिपके देईल. कार्टूनमधले बुटके तिच्यात राहतात, गोष्टींतल्या पऱ्या तिच्यावर बसतात. ही फ्लाय अ‍ॅगॅरिक. खाल्ली तर माणूस ओकतो, बरळतो, झिंगतो, पण मरतो क्वचितच. बिचारी फुकट बदनाम! तिच्याच अमॅनिटा गोतावळ्यातली एक फिकट हिरवट, शामळू दिसणारी बहीण मात्र खरी खुनी आहे. अळंबी खाऊन जगभरात जेवढी माणसं दगावतात, त्यातल्या सुमारे ९० टक्क्यांचं पाप तिच्या माथी आहे, असं मानलं जातं. नाव डेथ कॅप, शास्त्रीय नाव अमॅनिटा फॅलॉइडिस. चित्रात तिला कुणी घेत नाही, टोपलीत मात्र घेतात.

एक नंबर झाली होती भाजी!

डेथ कॅप खाऊन वाचलेले लोक डॉक्टरांना काय सांगतात? चव छान होती. कडूपणा नाही, जीभ चुरचुरत नाही, घशात खवखव नाही. कोवळी असताना वासही बरा, किंचित मधाकडे झुकणारा; म्हातारी झाली की उग्र होतो, पण तोवर ती कढईत गेलेली असते. विष म्हणजे कडू, हा आपल्या जिभेचा हिशेब इथे साफ चुकतो.

मात्रा ऐका. तिच्यातलं मुख्य विष अल्फा-अमॅनिटिन. माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम पोटात गेलं की जीव जाऊ शकतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७ मिलिग्रॅम. चांगली पोसलेली एक डेथ कॅप एवढं विष एकटी बाळगून असते. आणि उकळा, तळा, वाळवा, फ्रीझरमध्ये टाका, या विषाला काही होत नाही. आठ अमिनो आम्लांचं ते एक घट्ट कडं आहे, मधून आणखी एक आडवा टाका मारलेलं. चुलीवर ते तुटत नाही आणि पोटातल्या पाचक रसांनाही दाद देत नाही.

चाकू ठेवा, खुरपं घ्या

अळंबी वेचणाऱ्याचा हात सवयीने चाकूकडे जातो. मातीलगत दांडा कापला, टोपली भरली, चला घरी. घात नेमका इथेच होतो, कारण डेथ कॅपचा सगळ्यात पक्का पुरावा मातीत राहून जातो. खुरपं बाजूने खोल घालून तिला मुळापासून अलगद उचललं, की दांड्याच्या तळाशी पांढरी, पातळ, फाटक्या कडांची पिशवी दिसते. लहानपणी अख्खी अळंबी या पिशवीत बंद असते. वाढताना ती पिशवी फाडून वर येते आणि फाटका अर्धा भाग खाली तसाच राहतो, पालापाचोळ्यात दडलेला. जंगलात गुडघे टेकून माती उकरायला कंटाळणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

आता वर या. दांडा पांढुरका, त्याच्यावर पुष्कळदा पुसट नागमोडी नक्षी. वरच्या भागात लोंबती पातळ झालर. ही झालर पावसापाण्यात गळूनही जाते, त्यामुळे ती दिसली नाही म्हणून हुरळून जायचं कारण नाही. टोपी ५ ते १५ सेंटिमीटर रुंद, मध्यावर गडद, कडेला फिकी. नीट निरखलं तर कातडीत मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या केसाएवढ्या रेषा दिसतात. रंग ऑलिव्हसारखा हिरवट, असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात ती पिवळट मिळते, तपकिरी मिळते, पावसाने धुऊन निघाली की मळकट पांढरी दिसते, आणि मुळातच पांढरीशुभ्र असलेली डेथ कॅपही असते. रंगावरून तिला ओळखू म्हणणाऱ्याने आधी मृत्युपत्र करावं.

टोपी उलटी करा. खालचे पापुद्रे पांढरे, आणि म्हातारपणीही पांढरेच. बाजारातल्या बटण मशरूमच्या रानटी भाऊबंदांचे पापुद्रे आधी गुलाबी आणि मग चॉकलेटी होतात. डेथ कॅपचे पापुद्रे दांड्याला चिकटतही नाहीत, त्याच्या अलीकडेच थांबतात.

मग बीजाणूंचा ठसा. टोपी दांड्यापासून वेगळी करायची, अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या कागदावर पापुद्रे खाली करून ठेवायची, वर वाटी झाकायची आणि झोपायला जायचं. सकाळी टोपी उचलली की काळ्या बाजूवर पांढऱ्या भुकटीच्या बारीक रेघा उमटलेल्या असतात, पापुद्र्यांची हुबेहूब नक्कल. पांढऱ्या बाजूवर जवळजवळ काहीच दिसत नाही. काळा कागद त्याचसाठी. ही भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन आयोडीनचं द्रावण घातलं की बीजाणू निळसर होतात, पण ते काम प्रयोगशाळेतल्यांचं.

आणि अजून पिशवीतून बाहेरच न आलेली असेल तर? तेव्हा ती नुसता पांढरा गोळा असते आणि पफबॉल नावाच्या खाण्याजोग्या अळंबीसारखी दिसते. उभी चिरायची. पफबॉल आतून एकसंध पांढरा निघतो. डेथ कॅपच्या पोटात मात्र भावी छत्रीची रेखाकृती तयार असते: इवलीशी टोपी, इवलासा दांडा, दाटीवाटीचे पापुद्रे. एकच उभा छेद, आणि सगळं कारस्थान उघडं.

हात लावल्याने मात्र काही होत नाही. विष पोटात जावं लागतं. हात धुवायचे ते धुवाच.

रोपासोबत आली, परत गेलीच नाही

डेथ कॅप मूळची युरोपची. ओक, बीच, चेस्टनट, हॉर्नबीम अशा झाडांच्या मुळांशी तिचं साटंलोटं असतं: ती झाडाला पाणी आणि खनिजं पुरवते, झाड तिला साखर देतं. झाडाशिवाय तिचं पान हलत नाही, म्हणून तिची शेतीही होत नाही. (बाजारातून आणलेल्या बटण किंवा धिंगरीच्या खोक्यात ती निघेल, ही भीती त्यामुळे सोडून द्या.) पण झाड जिथे गेलं तिथे ही मुळांना बिलगून गेली. युरोपीय लोकांनी हौसेने ओक नेले ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, न्यूझीलंडमध्ये, आणि डब्यातल्या मातीतून ही बाई बिनतिकीट पोचली. कॅनबेरा आणि मेलबर्नच्या रस्त्यांवरच्या ओकांखाली ती तिथल्या शरद ऋतूत बिनधास्त उगवते.

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ती पहिल्यांदा दिसली १९९७ मध्ये, एका युरोपीय चेस्टनटखाली. व्हँकुव्हरमध्ये शोभेसाठी रस्तोरस्ती हॉर्नबीम लावले होते. काही दशकांनी त्यांच्या बुंध्यापाशी डेथ कॅप वर यायला लागल्या, म्हणजे ऐन वस्तीत, शाळेच्या वाटेवर. त्याच प्रांतातल्या व्हिक्टोरिया शहरात २०१६ मध्ये एक लहान मूल दगावलं. कुत्रीही मरतात, कारण कुत्रं काही खुरपं घेऊन फिरत नाही.

कॅलिफोर्नियात तर तिने जुनं सासर सोडून नवा घरोबा केला आहे. तिथल्या देशी ओकांशी तिची छान जमली. अ‍ॅन प्रिंगल या बुरशीतज्ज्ञ बाईंच्या चमूने २०२३ मध्ये आणखी एक भानगड उजेडात आणली. एरवी अळंबी तयार व्हायला दोन वेगळ्या बीजाणूंची जाळी एकत्र यावी लागतात. कॅलिफोर्नियातल्या काही डेथ कॅप मात्र जोडीदाराशिवाय, एकाच बीजाणूच्या जिवावर पिढी वाढवताना आढळल्या. नव्या मुलखात स्थळं मिळत नसतील तर हा बंदोबस्त उत्तम.

अगदी आमच्या गावच्यासारखी दिसते हो

डेथ कॅपला बळी पडणाऱ्यांत नुसते अडाणी नसतात, जाणकारही असतात, हे मला सगळ्यात अस्वस्थ करतं. जाणकार म्हणजे आपल्या गावच्या अळंब्या नीट ओळखणारे. भाताच्या पेंढ्यावर वाढणारी अळंबी आशियाभर आवडीने खातात. तिलाही तळाशी पिशवी असते, तीही लहानपणी बंद गोळ्यात असते. आशियातून अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला गेलेल्या माणसाला ओकाखाली तसंच काही दिसतं आणि घरची आठवण येते. कॅनबेरात २०११ च्या ३१ डिसेंबरला नववर्षाच्या जेवणात अशाच वेचलेल्या अळंब्या शिजल्या आणि दोघं दगावली. फरक बारीक आहे, पण आहे: पेंढ्यावरच्या अळंबीला झालर नसते आणि तिचा ठसा गुलाबी येतो.

जर्मनीत २०१५ मध्ये सीरियातून आलेल्या निर्वासितांना विषबाधा व्हायला लागली, तेव्हा हॅनोवरच्या वैद्यकीय महाविद्यालयाने अरबी, कुर्दी अशा भाषांत इशाऱ्याची पोस्टरं काढली. पोलंडमध्ये २०२१ साली अफगाणिस्तानातून नुकतंच सुटून आलेलं कुटुंब. निर्वासित केंद्राजवळच्या रानातल्या अळंब्यांचं सूप झालं आणि दोन लहान भाऊ गेले.

आता जरा आपल्याकडे. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंब्यांसाठी लोक पहाटे उठतात, रस्त्याकडेच्या विक्रेत्यांशी घासाघीस करतात आणि शेवटी म्हणतील तो भाव देतात. त्या चवीपुढे मटण फिकं, याबद्दल माझा कुणाशी वाद नाही. पण ही अळंबी वाळवीच्या ज्या जातींच्या घरात वाढते, त्या जाती फक्त आफ्रिकेत आणि आशियात आहेत. अमेरिकेत नाहीत, ऑस्ट्रेलियात नाहीत. तेव्हा सॅन होजेच्या किंवा मेलबर्नच्या बागेत एखाद्या मालवणी माणसाला ‘अरे, आपली अळंबी!’ असं झालं, तर ती आपली नाहीच. कुणाचीही असेल.

चांदीचा चमचा काय म्हणतो?

काही म्हणत नाही. अळंबीसोबत चांदीचा चमचा उकळा, काळा पडला तर विषारी, हा सल्ला युरोपात शतकानुशतकं चालत आला. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. अमॅनिटिनशी तिचं काही देणंघेणं नाही. लसूण किंवा कांदा टाकून रंग बघायचा, टोपीचं साल निघतं का ते बघायचं, तांदळासोबत शिजवायचं, हे सगळे त्याच माळेचे मणी. किड्याने खाल्लीय म्हणजे चांगली? गोगलगाय डेथ कॅप चवीने खाते आणि आरामात पुढे सरकते. तिचं शरीर वेगळं.

एक चाचणी मात्र खरीखुरी आहे आणि गंमत म्हणजे तिला रद्दी लागते. ताज्या अळंबीचा रस वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दाबायचा, पेन्सिलीने भोवती गोल काढायचा, वाळू द्यायचं आणि वर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडायचा. विष असेल तर थोड्या वेळाने गोलात निळा रंग उमटतो. कागद स्वस्तातलाच हवा, कारण रंग येतो तो लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे. भारी गुळगुळीत कागदातून लिग्निन काढून टाकलेलं असतं. पण कागद उन्हात वाळवला तर उगाच निळा होऊ शकतो, आणि डाग दिसला नाही म्हणजे भाजी करा असा अर्थ मुळीच नाही. शिवाय ते आम्ल! स्वयंपाकघरात हा उद्योग करू नये.

स्वित्झर्लंडची युक्ती जास्त पटते. तिथे गावोगावी प्रशिक्षित अळंबी-तपासनीस असतात. रविवारी जंगलातून टोपली घेऊन यायचं, ती त्यांच्या टेबलावर ओतायची. खायच्या अळंब्या तुमच्या, बाकीच्या त्यांच्या डब्यात. फ्रान्समध्ये औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्टला अळंब्या दाखवायची जुनी पद्धत आहे. त्यांच्या शिक्षणात तो भागच असतो.

आज बरंच बरं वाटतंय

डेथ कॅपची सगळ्यात कपटी गोष्ट म्हणजे तिचं घड्याळ. जेवण झालं, हात धुतले, गप्पा झाल्या, झोपलात. सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त, काहीही होत नाही. मग उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात, इतके की नुसत्या पाणी कमी होण्याने माणूस जाऊ शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं थांबतं. भूक लागते. पेशंट म्हणतो, घरी सोडा. आतमध्ये त्या वेळी यकृताची राखरांगोळी चाललेली असते. पुढच्या दोनेक दिवसांत कावीळ, रक्तस्राव, शुद्ध हरपणं.

इतका उशीर का? प्रत्येक पेशीत आरएनए पॉलिमरेज-२ नावाचं एक यंत्र असतं. जनुकातला मजकूर उतरवून घेऊन ते प्रथिनांच्या कारखान्याकडे धाडतं. अमॅनिटिन नेमकं याच यंत्रात अडकून बसतं. मग पेशीची गत होते ऑर्डर घेणाराच गप्प झालेल्या हॉटेलसारखी: भट्टी पेटलेली, आचारी उभे, पण आत चिठ्ठी जातच नाही. आधीचं शिजवलेलं आहे तोवर चालतं, मग संपतं. शिवाय यकृत हे विष पित्तातून आतड्यात टाकतं आणि आतडं ते पुन्हा शोषून यकृताकडे पाठवतं. एकच विष, फेऱ्यांवर फेऱ्या.

म्हणून रानातली अळंबी खाऊन काही तासांनी पोट बिघडलं तर ‘बघू सकाळी’ नको. उरलेली अळंबी, सालंसुद्धा, कागदी पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची. ज्यांनी खाल्ली पण ज्यांना अजून काही होत नाही, त्यांनाही सोबत न्यायचं.

बादशहा, जेवायला वाढलंय

रोमन सम्राट क्लॉडियस अळंबीवेडा होता. इसवी सन ५४ मध्ये त्याला बायकोनेच, अ‍ॅग्रिपिनाने, त्याच्या आवडत्या पदार्थातून विष घातलं असं रोमन इतिहासकार सांगतात. तिला आपल्या मुलाला, नीरोला, गादीवर बसवायचं होतं. मेल्यावर क्लॉडियसला देव ठरवण्यात आलं, तेव्हा अळंबी हे तर देवांचं खाणं, असा नीरोने विनोद केला म्हणे. विष डेथ कॅपचं होतं असं बरेच जण लिहितात. मला घड्याळ जुळत नाही. क्लॉडियस रातोरात गेला, आणि एवढी घाई करणं डेथ कॅपच्या स्वभावात नाही.

त्यापेक्षा ऑस्ट्रियाचा सहावा चार्ल्स बघा. १७४० च्या ऑक्टोबरमध्ये अळंबी खाल्ली, आजारी पडला, जवळपास दहा दिवसांनी गेला. हे बरोबर बसतं. मागे मुलगी, मारिया थेरेसा. पोरीचं राज्य म्हणजे फुकटचा माल, असं समजून प्रशियाच्या फ्रेडरिकने डिसेंबरात सायलेशियावर चाल केली आणि आठ वर्षं युरोप लढत बसला. अळंबीच्या एका ताटलीने युरोपचं नशीब बदललं, अशा अर्थाचं व्हॉल्टेअर लिहून गेला आहे.

ताजा मामला २०२३ च्या जुलैचा. ऑस्ट्रेलियातल्या लिओनगाथा गावात एका बाईने सासरच्या मंडळींना जेवायला बोलावून बीफ वेलिंग्टन वाढलं. तिघं गेली, एक मरता मरता वाचला. भंगाराच्या डेपोत सापडलेल्या भाज्या वाळवायच्या यंत्रात डेथ कॅपचा अंश मिळाला. २०२५ मध्ये ज्युरीने तिला दोषी धरलं आणि जन्मठेप झाली.

सशाचे सात मेंदू

ससे डेथ कॅप पचवतात, या समजुतीवर फ्रान्समध्ये १९३० च्या दशकात एक इलाज निघाला: सशांचे सात मेंदू आणि तीन जठरं, कच्ची, बारीक चिरून, पेशंटला खाऊ घालायची. आधीच उलट्यांनी बेजार झालेल्याला! पुढे पिएर बास्तिएन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने क जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि काही औषधं असा उपाय काढला. लोक ऐकेनात, म्हणून पठ्ठ्याने स्वतः डेथ कॅप खाल्ली, तीही एकदाच नव्हे. वाचला. त्याचा उपाय मात्र पुढे टिकला नाही.

टिकलं ते मिल्क थिसल नावाच्या काटेरी झाडाच्या बियांतलं सिलिबिनिन. विष यकृताच्या पेशीत शिरतं तो दरवाजाच ते अडवतं. सोबत भरपूर सलाइन, आणि वेळ आलीच तर यकृताचं प्रत्यारोपण. उत्तर कॅलिफोर्नियात २०१६ च्या डिसेंबरात १४ जणांना बाधा झाली; सगळे जगले, पण तिघांना नवं यकृत लागलं. २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं, की वैद्यकीय तपासण्यांत १९५० च्या दशकापासून वापरात असलेला इंडोसायनिन ग्रीन हा रंग उंदरांमध्ये या विषाला आवर घालतो. उंदरांमध्ये. माणसांचं अजून व्हायचं आहे.

सासरे नोबेल, जावईही नोबेल

म्युनिकच्या हाइनरिश वीलांडना १९२७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पित्तातल्या आम्लांवरच्या कामासाठी. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत डेथ कॅपची विषं वेगळी काढायला सुरुवात झाली. १९३७ मध्ये फॅलॉइडिनचे स्फटिक हाती लागले. काम करणाऱ्यांत होता फिओडोर लिनेन नावाचा विद्यार्थी. त्याच वर्षी त्याने वीलांडांच्या मुलीशी लग्न केलं आणि १९६४ मध्ये स्वतः नोबेल घेतलं. १९४१ मध्ये अमॅनिटिन वेगळं झालं. वीलांडांचा मुलगा थिओडोर तर जन्मभर याच अळंबीच्या विषांमागे राहिला.

यातलं फॅलॉइडिन आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही, म्हणून जेवणात ते जवळजवळ निरुपयोगी. पण पेशीच्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिन तंतूंना ते असं चिकटतं, की चमकता रंग जोडून सोडलं तर सूक्ष्मदर्शकाखाली अख्खा सांगाडा उजळून निघतो. जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत त्याच्या इवल्या कुप्या फ्रीझरमध्ये असतात. आणि अमॅनिटिनमुळेच पेशीतली तीन पॉलिमरेज यंत्रं वेगवेगळी ओळखता आली: एक दाद देत नाही, एक लगेच बंद पडतं, एक जास्त मात्रा लागल्यावर. रॉजर कॉर्नबर्ग यांच्या चमूने २००२ मध्ये यंत्रात अडकलेल्या अमॅनिटिनचं चित्रच मिळवलं. त्या यंत्रावरच्या कामासाठी त्यांना २००६ चं नोबेल मिळालं.

आता औषधवाले तिच्या मागे लागले आहेत. कर्करोगाची पेशी हुडकणाऱ्या अँटिबॉडीला अमॅनिटिन बांधायचं आणि थेट तिथे पोचवायचं, अशी कल्पना. अडचण पुरवठ्याची: डेथ कॅप ट्रेमध्ये पिकत नाही आणि रानातून टोपल्या भरून कारखाना चालत नाही. व्हँकुव्हरच्या विद्यापीठातल्या डेव्हिड पेरिन यांच्या गटाने २०१८ मध्ये अल्फा-अमॅनिटिन अळंबीशिवाय, रसायनं जुळवून, बनवून दाखवलं. जर्मनीतल्या हायडेलबर्ग फार्मा कंपनीचं अमॅनिटिन जोडलेलं औषध २०२२ पासून चाचणीत आहे; मल्टिपल मायलोमा या कर्करोगाच्या रुग्णांना ते शिरेतून दिलं जातं, मोजूनमापून.